मांडीला आधी कळलं

दिवाळी सरली की आमच्या दौंडकडे हवेला एक गोडसर वास चढतो. राहू-पारगावच्या बाजूला गुऱ्हाळं रात्रंदिवस चालू असतात, चुलवणात चिपाडाचा जाळ भडकलेला असतो, काहिलीत रस उकळत असतो, आणि तो वास भीमेवरच्या धुक्यात अडकून, ओला होऊन, पहाटे रुळांच्या बाजूनं गावात शिरतो. वाटेत त्याला इंजिनांच्या डिझेलचा वास भेटतो, फलाटावरच्या उकळत्या चहाचा भेटतो, रात्रभर दवात भिजलेल्या खडीचा भेटतो, आणि आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली साय नाक किंचित वर करून, डोळे अर्धे मिटून, हे सगळं सावकाश हुंगत राहते. त्यातला गोडवा तिच्या जिभेपर्यंत कधीच पोचत नाही. मांजराला गोड चव लागतच नाही. ती चव ओळखणारं जनुक तिच्या कुळात फार पूर्वी मोडून पडलं, वाघ आणि चित्त्यातसुद्धा ते मोडलेलंच आहे, असं २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. साखरेच्या तालुक्यात सारा जन्म गेला.

साखरेची ओळख नाही.

साय म्हणजे आमची मांजर. तापवून निवलेल्या दुधावर धरते तसा तिचा रंग, पांढऱ्यात अगदी पुसट पिवळेपणा, म्हणून ते नाव. भिगवणहून चिलापी आणि कटला घेऊन येणाऱ्या एका मावशींच्या पाटीमागे ती सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती आणि सगळा बाजार ऐकेल इतक्या मोठ्यानं ओरडत होती. आज ती पंधरा वर्षांची आहे, माणसाच्या हिशेबानं पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या कानांनी जुनं दौंड ऐकलेलं आहे. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा इथंच एका टोकाचं सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, गाडीची दिशा फिरायची, मध्यरात्री कपलिंगचा धडाड आवाज व्हायचा, आणि झोपलेल्या सायीचा एक कान, फक्त एकच, आवाजाकडे वळून पुन्हा जागेवर यायचा. गावाबाहेरून कॉर्ड लाइन झाल्यापासून त्यातल्या बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनात न शिरताच निघून जातात. रात्री आता बऱ्यापैकी शांत असतात. सायीचा कान मात्र अजूनही अधूनमधून वळतो. कुठल्या गाडीकडे, ते तिलाच माहीत.

आमच्याकडे वजनाला फार मान आहे. साखर कारखान्याच्या दारात उसाची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर कुणाचं सोसायटीचं कर्ज फिटतं, कुणाच्या घराला स्लॅब पडतो. म्हणून जाणता शेतकरी तोडलेला ऊस फडात पडू देत नाही. उन्हात पडलेला ऊस दिसायला तसाच दिसतो, तेवढाच लांब, तेवढ्याच पेरांचा, तोच जांभळट हिरवा रंग, वर तीच पांढरी भुकटी. पण आतलं पाणी मुकाट्यानं उडत असतं, तासातासाला उडत असतं, आणि बांधावर उभ्या माणसाच्या डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

काट्याला लागतो.

माझी नोकरीही काट्याचीच. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. माझ्या बीटमधली गावं नदीकाठची, ऊसपट्ट्यातली. हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डी-आष्टीकडून तोडणीवाल्यांची बिऱ्हाडं यायची, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, आणि आम्ही सॉल्टरचा काटा बाभळीच्या फांदीला अडकवून त्या कोप्यांमधली लेकरं तोलायचो. पंचवीस किलोपर्यंतची ती गोल तबकडी, शंभर-शंभर ग्रॅमच्या बारीक रेघा, खाली कापडी झोळी, झोळीतून लोंबणारे धुळीनं माखलेले दोन पाय. काटा थरथरायचा, लेकरू रडायचं, आई कोयत्याचा हात पदराला पुसत उभी राहायची, आणि सुई थांबेपर्यंत आम्हा सगळ्यांचा श्वास थांबलेला असायचा. मग वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका. पुढच्या महिन्यात दुसरा. एकट्या ठिपक्याला फारसं काही सांगता येत नाही. दोन ठिपके जोडून जी रेघ होते ती बोलते. ती वर निघाली की जीव भांड्यात पडायचा, आडवी राहिली की मनात पाल चुकचुकायची, आणि खाली वळली की त्या रात्री झोप यायची नाही. दंडाला गुंडाळायची पट्टी असायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला की लाल. पण खरं सांगायचं तर पट्टी लावण्याआधीच बोटांना कळलेलं असायचं. लेकराला उचलून झोळीत ठेवताना हातांना जे लागायचं, किंवा लागायला हवं असून लागायचं नाही, तेच आधी कळायचं.

निवृत्तीनंतर हातांना काही काम उरलं नाही, असं मला वाटत होतं.

सायीची एक जागा ठरलेली आहे. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, बाहेरचा दिवा मालवला की ती माझ्या मांडीवर येते. पुढच्या पायांनी आधी साडी मळते, मळता मळता नखं सुतात अडकवते, सोडवते, मग स्वतःभोवती एक वळसा घेऊन वेटोळं होते, आणि हळूहळू तिचा सगळा भार, झोप लागत जाईल तसा तसा, माझ्यात उतरत जातो. जागं मांजर हलकं असतं. झोपलेलं जड होतं. हे मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तराजू काहीही म्हणो. वर्षानुवर्षं तो भार अंगवळणी पडला होता: आधी ऊब, मग घुरघुर, मग डाव्या मांडीत एक जडपणा, मग पोटरीपासून वर चढत येणाऱ्या मुंग्या, आणि शेवटी, तिला उठवायचं नाही म्हणून सोसलेला तो बधिर झालेला पाय. गेल्या हिवाळ्यातली कुठली तरी रात्र असेल. बाहेर धुकं होतं, यार्डातून मालगाडीची लांबलचक खडखड चालली होती, साय कधीची गाढ झोपली होती, तिचा पाय स्वप्नात हलत होता, मी वाचत बसले होते, बराच वेळ वाचत बसले होते, आणि एकदम लक्षात आलं.

पायाला मुंग्या आल्या नव्हत्या.

मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. रोजच फिरवत होते. पण रोजचा हात लाडाचा असतो, त्याला काही शोधायचं नसतं. त्या रात्रीचा हात जुना होता, बाभळीखालचा होता. मानेखालून निघून तो सावकाश शेपटीकडे गेला, आणि वाटेत त्याला पाठीचा एकेक मणका भेटत गेला. दोन्ही बाजूंना जिथं मांसाचे मऊ वरंबे असायचे तिथं खोल सऱ्या पडलेल्या होत्या, खांद्याची पाती कातड्याखाली धारदार झाली होती, आणि माकडहाडाशी दोन हाडं अशी वर आली होती की तळहात तिथं थांबलाच. लेकरांचं दुःख आणि मांजराचं दुःख मी एका पारड्यात टाकत नाही. ज्या मायांनी ती झोळी पाहिली आहे त्यांच्यापुढं तसं करायची माझी छाती होणार नाही. पण माझे हात तेच आहेत. त्यांना दुसरं शिक्षण मिळालेलं नाही.

साय जागी झाली. माझ्याकडे पाहून तिनं डोळे मिटले, सावकाश, जसे ती नेहमी मिटते.

डोळ्यांना का दिसलं नाही, याचा नंतर मी खूप विचार केला. हिवाळ्यात मांजराची लव दाट होते आणि त्या लवेखाली कुठलीही झीज झाकली जाते. पोटाखाली कातडीची ती सैल झोळ तर शेवटपर्यंत लोंबत राहते, त्यामुळं चालताना मांजर भरलेलंच वाटतं. मांस आधी झडतं ते पाठीच्या कण्यालगतचं, मांड्यांचं, कानशिलांचं. शिवाय ती खात होती. खात काय, मागून खात होती. दूध-भाकरी कुस्करलेली वाटी चाटूनपुसून पुन्हा ओट्याशी येऊन उभी राहत होती, आणि घरातलं माणूस काय, जनावर काय, खातंय म्हटल्यावर आपल्याकडे काळजी संपते. शेजारच्या काकू म्हणाल्या, वय झालं हो तिचं. आमचे हेसुद्धा तेच म्हणाले, मवाळ आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून.

मला हे वाक्य पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरलं की वय झालं, म्हाताऱ्या मांजराचं उतरलं की वय झालं. या दोन शब्दांनी किती दारं आपण न उघडताच लावून घेतो. वय हा काही आजार नाही. मांजराच्या बाबतीत तर गोष्ट आणखी वेगळी आहे. अकरा-बारा वर्षांपुढं तिची अन्नाची गरज कमी होण्याऐवजी वाढते, आणि त्याच सुमाराला आतड्यांची ताकद घटायला लागते. बाराच्या पुढच्या साधारण तीनातल्या एका मांजराला खाल्लेलं स्निग्ध नीट पचत नाही, आणखी पुढं प्रथिनंही अंगी लागेनाशी होतात. म्हणजे वाटी रिकामी होते, आणि अंगही रिकामं होत जातं. दोन्ही एकाच वेळी.

आणि ती सांगत नाही. कुत्रं कण्हतं, गाय रवंथ थांबवते, कान पाडते. मांजर मात्र दुखणं असं लपवतं की घरात राहून घराला कळू नये. ती स्वतः शिकारी आहे, पण लहान चणीची शिकारी, कुणाच्या तरी तोंडचा घाससुद्धा. आमच्या नदीकाठी ऊस तुटायला लागला की बिबटे वस्त्यांकडे सरकतात, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात दिवेलागणीनंतर लोक लेकरं आणि कुत्री आत घेतात. तशा जगात जे लंगडतं, जे मागं पडतं, ते आधी उचललं जातं. हजारो वर्षं ज्या जिवाच्या रक्तात हे भिनलेलं आहे तो सोफ्यावर झोपला म्हणून लगेच उघडा कसा पडेल? तिची घुरघुर ऐकून आपण निर्धास्त होतो. पण मांजर सुखातही घुरघुरतं आणि वेदनेतही घुरघुरतं, दवाखान्याच्या टेबलावर, शेवटच्या श्वासांतसुद्धा. आवाज एकच असतो. कुठला कोणता, ते ओळखायला फार जवळ बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं. घरातल्या काट्यावर आधी मी एकटी उभी राहिले, मग तिला उराशी धरून. वजाबाकी ह्यांनी केली. तिच्या लसीकरणाच्या जुन्या कार्डावर ४ किलो १०० ग्रॅम लिहिलेलं होतं; आता भरलं २ किलो ९००. मांजराच्या अंगावरचं एक किलो दोनशे ग्रॅम म्हणजे काय, हे आकड्यातून चटकन जाणवत नाही. साठ किलोच्या बाईनं साडेसतरा किलो गमवावेत तसं ते आहे. मांजराचं एक दशांश वजन कमी झालं तरी डॉक्टर सावध होतात. इथं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त गेलं होतं. ह्यांनी आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिला, दुधाच्या खाड्याशेजारी, त्या दिवसाच्या चौकटीत, बारीक अक्षरात. मग बराच वेळ ते पेन तसंच हातात धरून उभे होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचे हात गाई-म्हशींचे हात आहेत. अडलेली वेतं त्यांनी मध्यरात्री सोडवलेली आहेत, लम्पीच्या साथीत गोठ्यामागून गोठे पालथे घातले आहेत. त्या भल्या मोठ्या तळहातात साय जवळजवळ दिसेनाशी झाली. पण ते तळहात फार हळू फिरले. त्यांनी तिचे दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं नेऊन काही चाचपलं, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांत विजेरी धरली, आणि मला विचारलं, “मॅडम, पाणी किती पिते?” मांजर किती पाणी पितं ते पाहणारी माणसं फार नसतात, मी पाहिलं होतं. जास्त पीत नव्हती. “उलट्या?” कधीमधी. “शी?” सैल, अलीकडे. ते गप्प राहिले. मग म्हणाले, “इथं अंदाजानं इंजेक्शन देता येईल, पण मी देणार नाही. रक्त तपासायला हवं, सोनोग्राफी हवी. पुण्याला न्या.” त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे. अंदाजानं काहीतरी देऊन टाकणं सोपं होतं, आणि मी ते घेतलंही असतं.

भाच्याच्या गाडीतून गेलो. पाटस मागं पडलं, चौफुला गेला, यवतच्या पुढं डाव्या हाताला भुलेश्वरचे डोंगर सकाळच्या उन्हात तांबूस होऊन उभे होते, आणि माझ्या पायांशी टोपलीत, जुन्या सुती साडीच्या घडीवर, साय अजिबात न ओरडता बसली होती. तरुणपणी तिनं लस घ्यायला जाताना सगळा रस्ता डोक्यावर घेतला असता. टोपलीच्या विणीतून एक बोट आत घातलं तर तिनं त्यावर हनुवटी टेकवली. हनुवटीलाही वजन असतं. पूर्वी जास्त होतं.

पुण्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एकेक दार उघडून दाखवलं. म्हातारं मांजर भरपूर खातं आणि तरीही वाळतं, तेव्हा आधी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पाहायची. ती भडकली की अंगातली चूल अखंड धडधडत राहते आणि खाल्लेलं सगळं जळून जातं. मांजरांमधला हा आजार १९७९ साली अमेरिकेत पहिल्यांदा नोंदला गेला, आणि आज जगभर म्हाताऱ्या मांजरांचा तो नेहमीचा आजार आहे. त्याला गोळी आहे. मग मूत्रपिंडं, ती थकली तर तहान वाढते, लघवी पाण्यासारखी होते, भूक मरते, आणि हे इतक्या सावकाश होतं की बहुतेक काम बंद पडेपर्यंत रक्तात फारसं दिसत नाही. मग मधुमेह. मग दात, मुळाशी विरघळत जाणारे, घास चावताना डोक्यात कळ आणणारे. यातलं प्रत्येक नाव त्यांनी उच्चारलं की मी मनाशी धरून बसायचे, हेच असू दे, याला औषध आहे म्हणतात, हेच असू दे. माणूस आपल्या जिवलगासाठी आजार मागतो, ही वेळ किती चमत्कारिक असते.

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक. मूत्रपिंडं वयाच्या मानानं ठीक. साखर ठीक.

सगळं ठीक होतं, आणि ती वाळत होती.

सोनोग्राफीत आतड्याची भिंत एका पट्ट्यात जाड झालेली दिसली. ती जुनाट सूज असू शकते, किंवा सावकाश पसरणारा कर्करोग असू शकतो. दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हींत मांजर सारखंच वाळतं, आणि नक्की कोणतं ते सांगायचं तर पोट उघडून आतड्याचा तुकडा काढून पाहावा लागतो. डॉक्टरीणबाई हे फार सरळ बोलल्या. या वयात, या वजनाला, भूल देऊन पोट उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, म्हणाल्या. दोन्हींवर सुरुवातीला औषध बरंचसं एकच असतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सायीकडे पाहत होते. ती टेबलाच्या थंड पत्र्यावर चारी पाय पोटाखाली घेऊन बसली होती, आणि तिच्या गळ्यावर रक्तासाठी काढलेल्या लवेच्या चौकोनात गुलाबी कातडी दिसत होती, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत, लवेखालची ती साय.

आम्ही पोट उघडू दिलं नाही.

तेव्हा तिच्या झिजण्याला नाव नाही, आणि आता ते मिळणारही नाही. सुरुवातीला याचा फार त्रास झाला. आयुष्यभर मी रकाने भरले. वजनाचा रकाना, श्रेणीचा, कारणाचा, उपायाचा, आणि कारणाचा रकाना कोरा ठेवून पान उलटलेलं मला चालायचं नाही. पण त्या कोप्यांमध्येही कधीकधी असंच असायचं. आहार सुरू व्हायचा, जंताचं औषध दिलेलं असायचं, डॉक्टर पाहून जायचे, आणि एखादं लेकरू तरीही चढायचं नाही. मग अंगणवाडीची सेविका काय करायची? रोज जायची. कारण कळलं नाही म्हणून जायची थांबायची नाही. मऊ भात करून न्यायची, आईशेजारी बसायची, लेकराला मांडीवर घ्यायची. तेव्हा मला ते कामाचा भाग वाटायचं. आता वाटतं, सगळं काम तेवढंच होतं.

आता आमचा दिवस सायीच्या जेवणावर चालतो. म्हातारपणी मांजराचं नाक मंदावतं, आणि ज्याचा वास येत नाही ते मांजर खात नाही. म्हणून तिचं अन्न अंगाइतकं, म्हणजे अडतीस अंशांच्या आसपास, कोमट करायचं, उंदराच्या उबेइतकं. चिलापी उकडून, काटे एकेक करून काढून. कधी कोंबडीचं पाणी. दूध बंद केलं. मोठ्या मांजराला ते पचत नाही, कितीही आवडीनं पिऊ दे. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, दिवसातून कितीही वेळा. सूज उतरवणारी गोळी चमच्यात विरघळवून. आणि आतडं घेत नाही ते बी-बारा जीवनसत्त्व सुईनं, जे आपले तालुक्याचे डॉक्टर त्या मोठ्या हातांनी इतकं अलगद टोचतात की ती मानही वळवत नाही. एखाद्या दिवशी ती तोंड फिरवते, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून तेच जिवावर बेततं. माणसाची एकादशी मांजराला परवडत नाही.

षष्ठीचं वाहन मांजर आहे. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री आपल्याकडे सटवाई कपाळी लिहून जाते म्हणतात, पाटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर जागता ठेवतात. लेकरांना राखणारी, त्यांच्या वाढीवर नजर ठेवणारी ती देवी सगळी वाहनं सोडून मांजरावर बसून येते. इतकी वर्षं बाळंतिणींच्या खोल्यांतून हिंडले, ती पूजा पाहिली, आणि त्या मांजराकडे कधी लक्ष गेलं नाही. आता जातं. लेकरांकडे रात्री निघालेल्या देवीला असंच वाहन हवं, ज्याच्या पावलाचा आवाज होत नाही, जे अंधारात पाहतं, आणि जे पाठीवर कितीही भार असला तरी कुणाला कळू देत नाही.

संध्याकाळी उन्हाची शेवटची तिरीप कट्ट्यावर येते तेव्हा साय त्या तिरिपेत जाऊन बसते. कानांच्या पातळ पडद्यातून ऊन आरपार जातं, आतल्या शिरा दिसतात, लालसर, बारीक, झाडाच्या फांद्यांसारख्या नव्हे, नदीच्या नकाशासारख्याही नव्हे, फक्त तिच्या. ऊन सरकतं तशी तीही सरकते. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांचा आवाज येत असतो. तिला कशाचं दुःख आहे असं वाटत नाही. दुपारी खाल्लं, ऊन आहे, अंग चाटायला जीभ अजून पुरते. झीज मला दिसते. तिला ऊन दिसतं. माझ्या आणि तिच्या पाहण्यात एवढा फरक आहे, आणि कुठलं पाहणं जास्त खरं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

औषध सुरू झाल्यापासून वजन उतरायचं थांबलं आहे. मध्यंतरी १०० ग्रॅम चढलंही. ह्यांनी तो आकडा लाल शाईनं लिहिला. रेघ आता जवळजवळ आडवी आहे. किती दिवस तशी राहील, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

तुमच्या घरी दहा वर्षांपुढचं मांजर असेल तर एवढं करा. ते ठणठणीत दिसत असतानाच, आजच, त्याला उचलून काट्यावर उभे राहा, स्वतःचं वजन वजा करा, आणि उरलेला आकडा तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा लिहा. आकडा उतरताना दिसला तर वय झालं म्हणू नका. दवाखान्यात न्या, रक्त तपासून घ्या, कारण बऱ्याचदा कारण सापडतं आणि त्याला औषधही असतं. माणसाची कुठलीही गोळी मनानं देऊ नका, तापाची पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. तिच्या एका गोळीनं मांजर दगावू शकतं.

आणि ते मांडीवर येऊन झोपलं तर लगेच उठवू नका. भार नीट लक्षात ठेवा.